तेलातली हवा

दर दोन-चार महिन्यांनी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक चित्र येते. जुन्या अरबी हस्तलिखिताचे पान, लाल-निळे रंग, दातेरी चाके आणि समोरासमोर ठेवलेली दोन आडवी नळकांडी. खाली मजकूर असतो की जेसीबीच्या हातापासून विमानाच्या चाकांपर्यंत सगळे हायड्रॉलिक्स आठशे वर्षांपूर्वी अल-जझरीने शोधून ठेवले होते, युरोपने फक्त नाव बदलले. मग ‘माशाअल्लाह’ची रांग लागते. शेजारच्या गटांवर पुष्पक विमान फिरते, आमच्याकडे अल-जझरी, एवढाच फरक.

चित्र खरे आहे. अल-जझरी खरा आहे, ती नळकांडीही खरी आहेत. त्या पानापासून जेसीबीपर्यंत ओढलेली सरळ रेघ मात्र टिकत नाही. ती का टिकत नाही हे सांगायला मला बोटीच्या इंजिनाचा आधार घ्यावासा वाटतो. ज्या एका अडचणीभोवती या यंत्रांचा बराचसा इतिहास फिरतो, ती तिथे थेट हाताला लागते. अडचण म्हणजे द्रवात अडकलेली हवा.

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून टांगलेले इंजिन. वर डोके, खाली लांब पाय, पायाच्या टोकाला पंखा. हा पाय फळीशी किती कोन करतो यावर बोटीची चाल ठरते. पाय फळीकडे ओढून घेतला की बोटीचे नाक दबते. थोडा बाहेर ढकलला की नाक उचलते, बोट पाण्यावर हलकी होते आणि इंधन वाचते. फार ढकलला तर नाक खालीवर आपटू लागते आणि प्रवाशांच्या कमरा बोलू लागतात. हा कोन बदलणे म्हणजे ट्रिम. पुढे पाणी उथळ झाले, वाळूचा दांडा आला, तर अख्खा पाय पाण्याबाहेर उचलायचा, तो टिल्ट. देवबागला कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे ओहोटीच्या वेळी ज्याने बोट आणली असेल, त्याला या बटणाची किंमत सांगावी लागत नाही. पाय वेळेवर उचलला नाही तर पंख्याची पाती वाळूत जातात.

मोठ्या इंजिनात हे काम तेल करते. एक छोटी विजेची मोटर, तिला जोडलेला दातेरी चाकांचा पंप, तेलाची लहानशी टाकी, काही झडपा आणि दट्ट्या असलेली नळकांडी. बटण वर दाबले की पंप तेल दट्ट्याच्या एका बाजूला ढकलतो, दांडा बाहेर येतो, इंजिन वर जाते. बटण खाली दाबले की मोटर उलटी फिरते आणि तेल दुसऱ्या बाजूला जाते. मधे थांबलात तर झडपा बंद होतात आणि कोंडलेले तेलच इंजिनाला त्या कोनात धरून ठेवते. दीड-दोनशे किलोचे धूड कोंडलेल्या तेलावर टेकलेले असते.

माझा मामेभाऊ मालवणच्या बाजूला पर्यटकांची बोट चालवतो. पावसाळ्यात हा धंदा बंद असतो आणि इंजिनांची डागडुजी त्याच दिवसांत होते. एका पावसाळ्यात त्याच्या इंजिनाचे हे बटण बिघडले होते. दाबले की मोटर घरघरायची, इंजिन झटके खात अर्ध्यापर्यंत चढायचे, आणि रात्री वर करून ठेवलेले इंजिन सकाळी खाली आलेले असायचे. गावात इंजिनांचे काम करणारे एक चाचा आहेत, शाळा सातवीपर्यंत. त्यांनी दोनदा बटण दाबून आवाज ऐकला आणि म्हणाले, “हवा धरलीय यानं.” भावाने लगेच तेलाची बाटली पुढे केली. चाचांनी ती बाजूला ठेवली. “भरू नंतर. आत कुठनं शिरली ते आधी बघूया ना बेटा.”

त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो हाताने सोडायचा स्क्रू. बॅटरी बंद पडली तर इंजिन हाताने उचलता यावे म्हणून या यंत्रणेत एक स्क्रू असतो. तो सैल केला की कोंडलेल्या तेलाला वाट मिळते. कोणी तो सैल करून नीट आवळायचा विसरला, तर इंजिन हवा धरल्यासारखेच वागते, आणि माणूस उगाच तेल बदलत बसतो. तो घट्ट होता. मग त्यांनी इंजिन पूर्ण वर चढवले, त्याचा आधाराचा खटका लावला आणि शिवाय खाली लाकडाचा ओंडका दिला. या ओंडक्याबाबत ते कोणाचेच ऐकत नाहीत. तेलाचा भरवसा गेलेल्या इंजिनाखाली हात घालायचा असेल तर लाकडाचाच भरवसा धरावा लागतो. टाकीचे झाकणही इंजिन वर असतानाच उघडायचे. खाली असताना आत दाब असू शकतो आणि तेल तोंडावर उडते.

तेल पातळीच्या बरेच खाली होते आणि त्याला फेस आला होता. दुधी मात्र नव्हते. दुधी असते तर पाणी शिरले असा अर्थ, मग सगळेच तेल काढून टाकावे लागते. झाकणाखालची रबरी चकती कडक होऊन चिरली होती. ती बदलली, इंजिनाच्या पुस्तिकेत सांगितलेले तेल भोकाच्या काठापर्यंत भरले, झाकण लावले. (हाताशी आहे म्हणून ब्रेकचे तेल यात ओतू नये, आतली रबरे खराब होतात.) मग ओंडका काढून इंजिन पूर्ण खाली, थोडे थांबून पूर्ण वर, पुन्हा खाली. चार-पाच फेऱ्या. सलग दाबून ठेवायचे नाही, मोटर तापते. प्रत्येक फेरीत नळकांड्यांतले फेसाळ तेल टाकीत परत येते, हवा वर सुटते आणि खालचे जड, साफ तेल पंपाकडे जाते. इंजिन पुन्हा वर चढवून, आधार देऊन पातळी पाहिली. दोन बोटे उतरली होती. पुन्हा भरले, पुन्हा फेऱ्या. तिसऱ्या खेपेला पातळी हलली नाही आणि मोटरचा आवाजही बारीक, एकसारखा झाला.

पातळी नेहमी इंजिन वर असतानाच का पाहायची? दांडे बाहेर आलेले असतात तेव्हा नळकांड्यांत सर्वांत जास्त तेल मावते, म्हणून टाकीत सर्वांत कमी उरते. इंजिन खाली आले की दांडे आत शिरतात आणि तेवढे तेल टाकीत परत येते. त्या परतणाऱ्या तेलाला जागा हवी म्हणून टाकीच्या वरच्या भागात थोडी हवा मुद्दाम ठेवलेली असते. म्हणजे ‘हवा काढली’ असे आपण म्हणतो खरे, पण ती यंत्रातून हद्दपार होत नाही. जिथे तिचा उपद्रव होतो तिथून उचलून जिथे तिचा उपयोग आहे तिथे ती बसवली जाते. चाचांच्या त्या कामातली ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण इथूनच मागे हजार-बाराशे वर्षे जाता येते.

विहिरीवर पंप असलेल्या कोणालाही हवा धरणे म्हणजे काय ते माहीत आहे. फूट व्हॉल्व्ह गळला, नळीतले पाणी उतरले, की मोटर नुसती फिरते. मग वरून बादल्या ओतत बसायचे. तेलाचा पंधरा किलोचा डबा फोडताना आपण एका कोपऱ्यात भोक पाडून थांबत नाही, समोरच्या कोपऱ्यात दुसरेही पाडतो. तेल बाहेर यायचे तर हवा आत जायला हवी. या दुसऱ्या भोकावर बोट ठेवले तर धार थांबते, उचलले तर सुरू होते. आता ते बोट भांड्याच्या मुठीत लपवले आणि पाहणाऱ्याला भोक दिसू दिले नाही, तर जादू झाली.

नवव्या शतकातल्या बगदादमध्ये तीन भावांनी या जादूवर अख्खी किताब लिहिली. मुहम्मद, अहमद आणि हसन, मूसा इब्न शाकिरचे मुलगे, म्हणून बनू मूसा. हे दरबारी करमणूक करणारे नव्हते. मोठे गणिती होते, पदरचा पैसा घालून ग्रीक ग्रंथ मिळवत होते, हुनैन इब्न इसहाक आणि साबित इब्न कुर्रा यांच्यासारख्यांना कामाला लावत होते. त्यांच्या ‘किताब अल-हियल’मध्ये सुमारे १०० युक्त्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक भांड्यांच्या आहेत. एका सुरईत सलग ओतत राहिलात तर पाणी जाते, पण एकदा हात थांबवला की पुढे ती थेंबही घेत नाही. दुसऱ्या एखाद्या भांड्यात वेगवेगळे द्रव भरावेत आणि एकाच तोटीतून हवा तो काढावा. आत वक्रनळ्या, तरंगणारे गोळे, शंकूच्या आकाराच्या झडपा आणि हवेच्या लपवलेल्या वाटा. हा विषय त्यांनी शून्यातून काढला नव्हता. अलेक्झांड्रियाचा हेरॉन, बायझँटियमचा फिलॉन हे त्यांच्या आधीचे. उलट अंगाने पाहिले तर फिलॉनचा हवेच्या यंत्रांवरचा ग्रंथ आज आपल्याला मुख्यतः अरबी भाषांतरामुळेच माहीत आहे.

बनू मूसांच्या भांड्यांत हवा शत्रू नाही. ती पडद्याआडची नोकर आहे. तिला कोंडले की पाणी थांबते, तिला वाट दिली की पाणी वाहते. आउटबोर्डच्या तेलात जी उपद्रवी ठरते, तीच इथे सगळा खेळ चालवते. (शब्दही पाहा. ‘हवा’ हा मुळात अरबी. ‘हिकमत’ही तिकडचाच, आणि मराठीत ‘हिकमती माणूस’ म्हणजे बहुधा असलाच, काहीतरी उघडून बसलेला.)

आता अल-जझरी. बनू मूसांनंतर साडेतीनशे वर्षांनी, आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकरला, अर्तुकी घराण्याच्या दरबारी तो यंत्रे बनवत होता. १२०६ मध्ये त्याची किताब पुरी झाली. तीत ५० यंत्रे आहेत. हत्तीवरचे पाण्याचे घड्याळ सगळ्यांना ठाऊक असते. गटावर फिरणारे चित्र पाणी उपसण्याच्या विभागातले शेवटचे यंत्र आहे. नदीच्या प्रवाहाने चाक फिरते, दातेरी चाकांतून ती गती एका झुलत्या दांड्याला मिळते, आणि दांडा समोरासमोरच्या दोन तांब्याच्या नळकांड्यांत दट्टे पुढेमागे करतो. एक दट्ट्या पाणी ओढत असतो तेव्हा दुसरा ढकलत असतो. ओढायला पाण्यात बुडवलेल्या नळ्या, पाणी मागे जाऊ नये म्हणून झडपा, दट्ट्याभोवती गळती अडवायला तागाचे वेष्टन. पाणी सुमारे २० हात उंच चढते असे तो सांगतो. गोल फिरणाऱ्या चाकाची गती पुढेमागे सरकणाऱ्या दट्ट्याला देणे आणि दोन दट्ट्यांत काम आलटून पालटून वाटणे, हे दोन्ही इथे एकत्र आहे. १९७४ मध्ये या किताबीचा इंग्रजी अनुवाद डोनाल्ड हिल यांनी केला. ते स्वतः इंजिनियर होते, आणि अनुवाद वाचताना ते कळते. कुठली नळी कुठे जोडायची याचा घोळ होत नाही.

हे सगळे मान्य करून विचारायचे की हे हायड्रॉलिक्स आहे का? ज्या अर्थाने आपण जेसीबीला किंवा ट्रिमला म्हणतो त्या अर्थाने नाही. अल-जझरी पाणी उचलत होता. ट्रिम तेलाने उचलते. पाणी उचलणे आणि पाण्याने उचलणे यांत फक्त एका प्रत्ययाचा फरक दिसतो, पण तो ओलांडायला पुढची सहाशे वर्षे गेली. पहिल्यात द्रव हा माल आहे, दुसऱ्यात तो तरफ आहे. आणि मालात थोडी हवा मिसळली तर काय बिघडते? पंपाच्या तोंडून पाण्याबरोबर चार बुडबुडे येतील, शेतात पाणी पोहोचेलच. तरफेत हवा मिसळली तर तरफ मऊ पडते.

इस्तंबूलच्या तकीउद्दीनने १५५१ च्या सुमारास सहा नळकांड्यांचा पंप वर्णिला. तो अल-जझरीच्या पुढे जातो, पण तोही पाणी उचलण्याचाच.

वळण आले ते सतराव्या शतकात, आणि तेही एका तक्रारीतून. १६३८ च्या ग्रंथात गॅलिलिओ लिहितो की ओढणारा पंप साधारण १८ हातांवर, म्हणजे दहाएक मीटरच्या वर पाणी ओढतच नाही, पंप कितीही चांगला असो. तोपर्यंत लोक समजत होते की निसर्गाला पोकळी आवडत नाही म्हणून पाणी वर येते. मग ती नावड दहा मीटरवरच कशी संपते? त्याचा शिष्य तोरिचेल्ली याने पाण्याऐवजी पारा घेतला आणि दाखवले की पाणी ओढले जात नाही, बाहेरची हवा त्याला ढकलते. १९ सप्टेंबर १६४८ रोजी ब्लेझ पास्कालच्या मेहुण्याने पार्‍याची नळी पुय द दोम या डोंगरावर नेली, आणि वर पारा उतरला. हवेला वजन आहे याबद्दल मग फारशी शंका उरली नाही.

पास्कालने यातूनच दुसरी गोष्ट बांधली. पाण्याने भरलेल्या बंद भांड्याला दोन तोंडे असावीत, एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठे. लहान तोंडाच्या दट्ट्यावर एका माणसाने जोर दिला तर मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांची तो बरोबरी करेल. शंभरपट जोर मिळतो, मात्र मोठा दट्ट्या शंभरावा हिस्साच सरकतो. हा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापला गेला. त्याच सुमारास इंग्लंडात रॉबर्ट बॉइल हवेच्या स्प्रिंगवर लिहीत होता. हवा दाबली की आकसते, सोडली की उसळते, आणि दाब दुप्पट केला की ती निम्म्या जागेत बसते.

पास्काल आणि बॉइल शेजारी ठेवले की चाचांचे निदान तयार होते. तेलावर वातावरणाइतका आणखी एक दाब टाका, ते दहा हजारांत एक भागही आकसणार नाही. हवेवर तोच दाब टाका, ती निम्मी होईल. म्हणून पंपाने दिलेला पहिला जोर इंजिन उचलण्यात जात नाही, बुडबुडे चेपण्यात जातो. बुडबुडे पुरते चेपले की एकदम हिसका बसतो. झटके खात चढणे म्हणजे हेच.

पास्कालच्या कल्पनेचे यंत्र व्हायला १७९५ उजाडले. जोसेफ ब्रामा हा यॉर्कशायरचा सुतार. लंडनमध्ये तो संडासाच्या टाक्या आणि कुलुपे बनवून नावारूपाला आला. त्याने पाण्याच्या दाबाच्या प्रेसचे पेटंट घेतले, पण दाब चढला की मोठ्या दट्ट्याच्या कडेने पाणी उसळायचे, आणि दट्ट्याभोवतीचे वेष्टन खूप आवळावे तर दट्ट्याच अडकायचा. यावर कातड्याच्या वाटीसारख्या कड्याचा उपाय निघाला. पाण्याचा दाब वाढेल तशी ती वाटी आपोआप फुगते आणि जास्त घट्ट बसते. दाब गेला की सैल. या कड्याचे श्रेय ब्रामाच्या कारखान्यातला कामगार हेन्री मॉडस्ले याला दिले जाते. पेटंटवर नाव ब्रामाचे. पास्कालपासून ब्रामापर्यंत सव्वाशे वर्षे गेली ती तत्त्व समजायला नव्हे, गळती अडवायला. आजही ट्रिमच्या दांड्याभोवतीचे रबरी सील त्याच युक्तीवर चालते, आणि ते झिजले की तेल बाहेर आणि हवा-पाणी आत, हे ठरलेले.

त्या प्रेसचा आपल्या बाजूशी संबंध लवकर आला. वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईहून जहाजात चढायचा, आणि जहाजात भाडे जागेचे. गाठ जितकी दाबावी तितका नफा. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कापूस गोदामांत हायड्रॉलिक प्रेस आले ते यासाठी. तिकडे इंग्लंडात विल्यम आर्मस्ट्राँगने १८४६ मध्ये न्यूकॅसलला पाण्याच्या दाबावरची क्रेन चालवली. पुढे ग्रिम्सबी बंदरात नुसता दाब मिळावा म्हणून १८५२ मध्ये पाण्याची टाकी वर ठेवलेला ९४ मीटरचा मनोरा बांधला गेला. मला तो मनोरा थोडा विनोदी वाटतो. लवकरच आर्मस्ट्राँगनेच वजनाने दाबलेली नळकांडी काढून त्याची गरज संपवली.

पाण्याने लोखंड गंजते, थंडीत ते गोठते, आणि झडपांना वंगण मिळत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाण्याच्या जागी तेल आले. १९०६ मध्ये ‘व्हर्जिनिया’ या अमेरिकी युद्धनौकेच्या तोफा फिरवायला तेलाची यंत्रणा बसवली गेली. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग मोटारीला द्रवाचे ब्रेक आले, आणि ब्रेकची हवा काढणे हे गॅरेजातल्या पोऱ्याचे पहिले काम ठरले. एकाने पेडल दाबायचे, दुसऱ्याने खाली चाकाजवळचा स्क्रू सोडायचा. आउटबोर्डच्या ट्रिममध्ये हा दुसरा माणूस लागत नाही, कारण वरखाली फेऱ्यांत हवा आपली आपण टाकीकडे जाते.

आउटबोर्ड स्वतः याहून वेगळ्या वाटेने आले. १८८१ मध्ये पॅरिसला सीन नदीवर ग्युस्ताव्ह त्रूव्हेने बोटीमागे विजेची मोटर लावली होती. धंदा म्हणून ते जमवले मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूडने, १९०९ मध्ये. तो नॉर्वेत जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला. त्याची बायको बेस हिशेब, पत्रव्यवहार आणि जाहिराती पाहायची. वल्ही फेकून द्या, अशी तिची जाहिरात होती, आणि इंजिन खपले त्यात तिचा वाटा नवऱ्याइतकाच असावा. ते इंजिन दीड अश्वशक्तीचे, २८ किलोचे. हाताने उचलून फळीला अडकवायचे, हाताने वर तिरपे करायचे. त्याला ट्रिमच्या पंपाची गरजच नव्हती.

गरज वजनाने आणली. अश्वशक्ती शंभराच्या पुढे गेली आणि वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास पोहोचले, तेव्हा ब्रामाचा प्रेस छोटा होऊन फळीवर आला. आपल्या किनाऱ्यावर हे उशिरा दिसले. महाराष्ट्रातल्या मोठ्या मासेमारी नौकांत इंजिन पोटात असते. केरळात १९८० च्या दशकात छोट्या होड्यांना आउटबोर्ड लागली, पण ती साधी, हाताने उचलायची. बटणाची ट्रिम कोकणात आली ती मुख्यतः पर्यटनाच्या बोटींबरोबर.

तर रेघ कुठे तुटते ते आता दाखवता येते. ब्रामासमोर अल-जझरीची किताब उघडलेली होती याला काहीही आधार नाही. युरोपातल्या अभ्यासकांनी ती नीट अभ्यासली ती विसाव्या शतकात. ब्रामासमोर पास्कालचा विचार आणि स्वतःच्या कारखान्यातली गळती होती. बनू मूसा आणि अल-जझरी यांनी झडप, दट्ट्या, हवेची वाट यांवर जे काम केले ते त्यांच्या काळातले उत्कृष्ट काम होते. ते मोठे ठरायला त्यातून जेसीबी निघायची गरज नाही.

आणि अल-जझरीला ही बढाई रुचली असती असे मला वाटत नाही. प्रस्तावनेत तो आधीच्या ग्रंथकारांविषयी तक्रार करतो की त्यांनी सांगितलेले सगळे करून पाहिले नाही, आणि जे हुनर हाताने करून पडताळलेले नाही ते खरे-खोट्याच्या मध्येच लोंबकळत राहते. ही कारागिराची तक्रार आहे. तो मापे देतो, धातू सांगतो, कुठे डाग द्यायचा ते सांगतो. त्याची किताब इंजिनाच्या पुस्तिकेच्या जास्त जवळची आहे, गटावरच्या मजकुराच्या नव्हे.

मला खटकते ते हे की ज्या गटावर त्याच्या चित्राला पन्नास अंगठे मिळतात, तिथेच लग्नाचा बायोडेटा येतो तेव्हा ‘मुलगा मेकॅनिक’ हे शब्द कोणीतरी खोडून ‘स्वतःचा व्यवसाय’ करते. कोकणातल्या आमच्या वस्त्यांत गॅरेज, रेफ्रिजरेशन, बोटींची इंजिने ही कामे करणारी पोरे भरपूर आहेत. त्यांतली बरीच आखातात जाऊन तेच काम करतात आणि तिथे त्यांना टेक्निशियन म्हणतात. आउटबोर्डची पुस्तिका इंग्रजीत येते. चाचांना ती भाचा वाचून दाखवतो, आणि चित्रे ते स्वतः वाचतात. त्यांनी तीस वर्षांत जे पडताळले ते कुठेही लिहिलेले नाही. बारा-चौदा पानांची मराठी पुस्तिका, चित्रांसकट, एवढेही आपण त्यांच्याकडून लिहून घेतलेले नाही. मी आता एक वही घेऊन बसतो त्यांच्याकडे. पहिली चार पाने ट्रिमची झाली आहेत.

त्या चार पानांत त्यांनी एक गोष्ट दोनदा लिहायला लावली. हवा काढल्यावर इंजिन लगेच ताब्यात द्यायचे नाही, रात्रभर वर ठेवायचे, अर्थात आधार देऊन, आणि सकाळी पुन्हा पातळी बघायची. याचे कारण रसायनशास्त्रात आहे. विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये दाखवले की वायू द्रवात विरघळतो आणि किती विरघळेल ते दाबावर ठरते. साध्या खनिज तेलात नेहमीच्या दाबाला आकारमानाने सुमारे ९ टक्के हवा विरघळलेली असते, अगदी डबा नुकता फोडलेला असला तरी. ती डोळ्यांना दिसत नाही आणि विरघळलेली आहे तोवर ती काही बिघडवत नाही. पंप तेल ओढतो तिथे दाब उतरतो आणि त्यातली थोडी बुडबुडे होऊन बाहेर येते. टाकीत तेल पुरेसे असेल तर हे बुडबुडे बारीक राहतात आणि पुन्हा विरघळतात. तेल कमी असेल, ते जाडसर निवडले असेल किंवा ओढण्याच्या बाजूला कुठे सील सैल असेल, तर ते वाढत जातात आणि मोटर पुन्हा घरघरू लागते. सकाळी पातळी उतरलेली दिसली तर भरून पुन्हा फेऱ्या घ्यायच्या. दुसऱ्या सकाळीही उतरली, तर बाटली ठेवून द्यायची आणि दांड्यांचे सील उघडायचे.